दोन लाईटींमधला बांध

गेल्या मे महिन्यात चाळीसगावचे एक लग्न आटोपून मी मेमूने भुसावळकडे निघालो होतो. दुपारची वेळ, खिडकीचे गज हाताला चटका देत होते आणि वरचे पंखे हवा देण्यापेक्षा डब्यातली गरम हवा ढवळण्याचेच काम अधिक करीत होते. समोरच्या बाकावर साठी ओलांडलेल्या एक मावशी बसल्या होत्या. पायांशी लोणच्याच्या कैऱ्यांची पिशवी, तिच्या बंदांत अडकवलेला पाय, आणि डोळे मिटलेले. गाडी चांगल्या वेगात होती. अचानक डब्याखालून येणारी घरघर तुटल्यासारखी थांबली, पंख्यांचा आवाज उतरत गेला, आधी नुसते भिंगरीसारखे दिसणारे पाते हळूहळू तीन वेगळी पाती झाली आणि थांबली. उरला तो फक्त चाकांचा खडखडाट. मावशींनी डोळे न उघडताच म्हटले, "लाईट गई." हात आपोआप पदराकडे गेला, पदराचे टोक चेहऱ्यापुढे हलू लागले. मग एक डोळा उघडून त्यांनी मला विचारले, "आठेबी लोडशेडिंग शे का, भाऊ?"

दारात उभी असलेली कॉलेजची पोरे हसली. मीही हसलो. पंधरा-वीस सेकंद गेली असतील, खाली कुठेतरी खट् असा आवाज झाला, घरघर परत आली, पंखे पुन्हा फिरू लागले. मावशी अजून माझ्याकडे पाहत होत्या, कारण त्यांनी प्रश्न विचारला होता आणि उत्तर यायचे होते. मी म्हणालो, "नाही मावशी, ते तसंच असतं."

ते तसंच असतं.

हे वाक्य तोंडातून निघाले आणि मला ते ओळखीचे वाटले. आयुष्यभर माझ्या मामांनी हेच वाक्य ऐकले आहे. डीपी जळाली, आठ दिवस झाले, नवी कधी येणार? ते तसंच असतं, नंबर लागतो. या आठवड्यात रात्रीची पाळी होती, मग दिवसाची कधी? ते तसंच असतं, वरून येतं. विजेबद्दल प्रश्न विचारणाऱ्या माणसाला गप्प करण्याची ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि मी ती एका वयस्कर बाईवर सहज वापरून मोकळा झालो होतो. भुसावळ येईपर्यंत ते टोचत राहिले, आणि खरे तर नंतरही.

माझ्याजवळ उत्तर नव्हते असे नाही. भुसावळला माझ्या आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते रेल्वेच्या ओएचईमध्ये होते. रुळांवर ताणलेल्या तारांचा आणि खांबांचा जो सगळा संसार असतो त्याला रेल्वेतली माणसे ओएचई म्हणतात, आणि आप्पांनी तीस वर्षे तो सांभाळला. पंखे का थांबतात ते त्यांनी मला कॉलेजात असतानाच सांगितले होते. वीजकेंद्रातून निघणारी वीज तीन फेजची असते, हे खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. रेल्वेच्या इंजिनावर मात्र एकच तार असते. दुसरी बाजू रुळ आणि जमीन. म्हणजे रेल्वेला हवी असते ती एकच फेज, आणि ती ग्रीडच्या, म्हणजे सगळ्या वीजकेंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याच्या, दोन फेजांमधून काढतात. आता तिन्हीतल्या ठरावीक दोन फेजांवरच सगळ्या गाड्यांचा भार टाकला, तर ग्रीड एका बाजूला झुकेल, जसे खांद्यावरच्या कावडीचे एकच भांडे भरले तर होईल तसे. म्हणून एक सबस्टेशन पहिल्या आणि दुसऱ्या फेजमधून वीज घेते, पुढचे दुसऱ्या आणि तिसऱ्या, त्याच्या पुढचे तिसऱ्या आणि पहिल्या. प्रत्येक सबस्टेशन १३२ किंवा २२० किलोव्होल्टची वीज घेऊन ती २५,००० व्होल्टवर आणते आणि आपल्या वाट्याच्या तारेत सोडते. पण दोन सबस्टेशनांच्या हद्दी जिथे भिडतात तिथे दोन वेगवेगळ्या विजा समोरासमोर येतात आणि त्या एकमेकींना शिवल्या तर मोठा अनर्थ. त्यामुळे मध्ये तारेचा एक छोटा तुकडा असा ठेवतात की जो कुणाचाच नाही. त्याचे नाव न्यूट्रल सेक्शन. ड्रायव्हरला पाचशे मीटर आधी एक पाटी दिसते, मग अडीचशे मीटरवर दुसरी, मग 'डीजे ओपन'. तो इंजिनाचा मुख्य स्विच पाडतो, गाडी आपल्या वेगाने त्या मेलेल्या तुकड्याखालून निसटते, पुढे 'डीजे क्लोज' दिसले की स्विच परत चढवतो. मेमूत पंख्यांची वीज त्याच वाटेने येते, म्हणून पंखे थांबतात.

आदल्या रात्री लग्नात डीजेने कानठळ्या बसवल्या होत्या, त्यामुळे हा दुसरा डीजे आठवून मला गंमत वाटली. रेल्वेतल्या डीजेचा वरातीशी संबंध नाही. पंचवीस हजार व्होल्टचे तंत्र १९५०च्या दशकात आपण फ्रेंच रेल्वेच्या मदतीने घेतले, आणि सर्किट तोडणाऱ्या स्विचला फ्रेंचमध्ये 'डिझाँक्तर' म्हणतात, त्याचीच ही दोन अक्षरे. शिवाय भाषा उलटी. डीजे ओपन म्हणजे वीज बंद, डीजे क्लोज म्हणजे वीज सुरू. घरी आपण बटन बंद केले की दिवा विझतो, इथे बंद केले की गाडी चालते. आप्पा म्हणायचे, नव्या पोरांचे डोके पहिले आठ दिवस इथेच अडकते.

आमचे आजोळ रावेरकडचे, भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लाईनला लागून. मामांच्या केळीच्या बागेची वरची कड आणि रेल्वेची हद्द यांच्यात फक्त एक बांध आणि बाभळीची रांग. मी लहान असताना तिथून डिझेल इंजिने जायची, त्यांचा धूर केळीच्या पानांवरून उन्हाच्या दिशेने पसरायचा आणि मामी वाळत घातलेल्या सांडग्यांवर फडके टाकायची. भुसावळच्या अलीकडे, इगतपुरीकडून, तारा कधीच आल्या होत्या. साठीचे दशक संपतानाच मुंबईकडची लाईन विजेवर गेली होती. आमच्या बाजूला खांब आले ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजोळी होतो तेव्हा खांबांसाठी खड्डे खोदणे चालू होते, आणि दिवाळीत परत गेलो तो रुळांवर लोखंडी सापळ्यांची लांबच लांब रांग उभी होती. तारांत वीज सोडण्यापूर्वी गावोगाव दवंडी दिली गेली, शाळेत येऊन माणसांनी सांगितले: अमुक तारखेपासून तारा जिवंत समजाव्यात. 'जिवंत' हा शब्द आम्हा पोरांना फार आवडला. चिंचा पाडायच्या लांब काठ्या लाईनीकडे न्यायच्या नाहीत, पतंग नाही, मालगाडीच्या टपावर चढायचे नाही, आणि तारेला हात लावला नाही तरी ती जवळ आलेल्या माणसाला ओढते, हे सगळे आम्हाला पाठ झाले. शेवटचे अगदी चूक नव्हते. पंचवीस हजार व्होल्टची वीज हवेतून उडी मारते, स्पर्शाची वाट पाहत नाही.

फाटकावर तेव्हाच दोन्ही बाजूंना लोखंडी कमानी उभ्या राहिल्या, उंच भरलेली गाडी तारेला लागू नये म्हणून. कापसाच्या दिवसांत त्या कमानींनी गावाला चांगलेच जेरीस आणले. आमच्याकडे कापसाची गाडी भरणे ही कला आहे. बाजूंना बांबू, भोवती जाळे, आणि वर दोन गडी उभे राहून कापूस तुडवतात, तो असा की गाडीचा डोंगर होतो. असा एक डोंगर पहिल्याच हंगामात कमानीला अडकला. बैल पुढे, कापूस मागे, आणि कमानीखाली पांढरा पाऊस. मामा तेव्हा तिथे होते आणि अजूनही ती गोष्ट सांगताना पांढऱ्या पावसापाशी थांबून हसतात.

पण मामांची खरी गोष्ट रात्रीची आहे. केळीला पाणी द्यायचे म्हणजे मोटार चालली पाहिजे, मोटारीला तीन फेज लागतात, आणि तीन फेज आठवड्याचे काही दिवस दिवसा मिळत, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मामा बारा वाजता उठत, बॅटरी, काठी आणि घोंगडी घेऊन निघत. विहिरीवर स्टार्टरचे हिरवे बटन दाबले की मोटार गुरगुरायची, पाणी हौदात पडायचे, आणि मग पहाटेपर्यंत दांड फोडत, बारे वळवत बसायचे. मीही दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. ओल्या मातीचा आणि केळीच्या चिकाचा तुरट वास, पायाखाली सापाची भीती, आणि मग लांबून येणारा इंजिनाचा एकच डोळा. तो डोळा मोठा होत यायचा, बागेतली सगळी पाने एका बाजूने पांढरी व्हायची, धडधडत चाळीस-पन्नास वाघिणी जायच्या आणि पेंटो, म्हणजे इंजिनाच्या टपावरचा तारेतून वीज घेणारा सांगाडा, तारेवरून घासताना कधीकधी निळी ठिणगी पडायची. एकदा अशीच गाडी गेली आणि त्याच मिनिटाला मोटार बंद पडली. आमची फेज उडाली होती. मामा अंधारात स्टार्टरपाशी उभे राहून म्हणाले, "त्याह्यची लाईट कव्हाच जात नही, अन् आपली कव्हाच येत नही."

मी हे वाक्य पुण्यात कितीतरी जणांना सांगितले आहे आणि प्रत्येक वेळी त्याला दाद मिळाली आहे. पण ते संपूर्ण खरे नाही, हे मामांनाही माहीत होते. त्याच गाड्यांतून त्यांच्या केळीचे घड सावदा-निंभोऱ्याहून दिल्लीला जायचे. गाडी थांबली असती तर दोन दिवसांत घड पिकून काळे पडले असते. म्हणजे तारेतली वीज अखंड असणे हे मामांच्याही हिताचे होते. फक्त ती वीज त्यांच्या बांधावरून जात होती आणि बांधाच्या आत येत नव्हती.

यात एक गमतीचा भाग आहे, जो मला फार उशिरा कळला. रात्री कधी गावाला तीनऐवजी एकच फेज मिळायची, घरातले दिवे लागावेत आणि मोटारी चालू नयेत एवढ्यासाठी. त्यावर शेतकऱ्यांनी इलाज काढला होता: कंडेन्सर लावून एका फेजमधून मोटारीला फसवायचे, तिला वाटावे की तिन्ही आहेत. मोटार चालायची, रडत चालायची, आणि दर हंगामाला एखादी जळायची. मग वाइंडिंगवाल्याकडे रांग. गावात अशा मोटारवाल्यांकडे जरा चोराच्या नजरेनेच पाहिले जाई. आणि रेल्वेचे इंजिन तरी दुसरे काय करते? त्याच्या टपावर एकच फेज येते. जुन्या इंजिनांत आर्नो नावाचे एक फिरते यंत्र असायचे, ते त्या एका फेजमधून तीन फेज तयार करून पंखे आणि कॉम्प्रेसर चालवायचे. भुसावळच्या फलाटावर उभ्या इंजिनातून जी अखंड गुंजन ऐकू यायची, त्यात त्याचा वाटा मोठा. चाके फिरवणाऱ्या मोटारी तेव्हा डीसीच्या, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या, होत्या. नंतरच्या डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ या इंजिनांमध्ये मुख्य मोटारीच तीन फेजच्या आहेत: तारेतली एक फेज आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरवायची, मग तिची डीसी करायची, मग त्या डीसीतून हवी तशी तीन फेजची वीज कापून काढायची, वेग वाढवायचा तर जलद, कमी करायचा तर सावकाश. मामा जे दीडशे रुपयांच्या कंडेन्सरने चोरून करीत होते, तेच काम हे सहा हजार अश्वशक्तीचे इंजिन राजरोस आणि सफाईने करते. मामांची मोटार पाच अश्वशक्तीची. म्हणजे बांधावरून जाणारे एक इंजिन बाराशे विहिरींचा जोर घेऊन जात होते.

मी कॉलेजात असताना आप्पांनी मला एकदा डेपोत नेले होते. तिथल्या टेबलावर बदललेल्या तारेचा हातभर तुकडा पडला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मला वाटले होते तार म्हणजे घरच्यासारखी गोल. ही करंगळीएवढ्या जाडीची, तांब्याची, आणि दोन्ही बाजूंना खाच असलेली, जेणेकरून वरच्या बाजूने चिमट्यात धरता यावी आणि खालची बाजू पेंटोला मोकळी राहावी. ती खालची बाजू झिजून सपाट झाली होती, आरशासारखी. हजारो गाड्यांनी तिला खालून चाटले होते. पेंटोच्या डोक्यावर कार्बनच्या पट्ट्या असतात आणि तार त्यांवर सरळ न जाता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी नागमोडी ताणलेली असते, मधल्या रेषेपासून वीस सेंटिमीटर इकडे, वीस सेंटिमीटर तिकडे. सरळ ठेवली असती तर तिने कार्बनमध्ये करवतीसारखी एकच खाच पाडली असती. गाडीच्या मागच्या खिडकीतून तारेकडे टक लावून पाहिले, तर ती डुलताना दिसते. लहानपणी मला वाटायचे की वाऱ्याने डुलते.

उन्हाचे तर विचारूच नका. जळगाव-भुसावळचा मे सावलीत पंचेचाळीसच्या घरात जातो आणि डिसेंबरच्या पहाटे तेच पारे दहाच्या आसपास येतात. तांबे उन्हाने वाढते. वाढलेली तार सैल झाली, तर पेंटो तिच्यात अडकून सगळेच फाडून टाकेल. म्हणून तारेचे दीड किलोमीटरचे लांब तुकडे करतात, प्रत्येकाला मधोमध बांधतात आणि दोन्ही टोकांना कप्प्यांवरून बिडाची वजने लटकवतात. आप्पांनी मला हिशेब करायला लावला. पाऊण किलोमीटर तांबे, चाळीस अंशांचा फरक, वाढ सुमारे अर्धा मीटर. आणि कप्प्यांची रचना तीनास एक असली, तर वजने खाली येणार दीड मीटर. त्या दिवसापासून मला स्टेशनाबाहेरच्या खांबावर टांगलेली ती वजने पाहायची सवय लागली. हिवाळ्यात ती वर चढलेली असतात, मे महिन्यात जमिनीकडे झुकलेली. खानदेशचा उन्हाळा किती चढला आहे ते थर्मामीटर न पाहता तिथे वाचता येते.

आप्पा बोलके नव्हते, पण एका गोष्टीवर ते पुन्हा पुन्हा बोलत. दुरुस्तीसाठी ब्लॉक घेतला, कंट्रोलमधल्या टीपीसीने, म्हणजे तारेतली वीज चालू-बंद करणाऱ्या माणसाने, वीज बंद केल्याचा नंबर दिला, तरी तार मेली असे समजायचे नाही. शेजारच्या रुळावरची तार जिवंत असते आणि ती नुसत्या शेजाराने या तारेत वीज जागी करते. म्हणून आधी काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्याने तार जमिनीला जोडायची, मगच टॉवर वॅगनच्या माचीवर उभे राहून हात लावायचा. दांड्याचा चिमटा तारेला टेकताना एक बारीक चट् आवाज येतो, आणि तो आवाज ऐकू आला की आप्पा म्हणत, "बघ, बंद होती ना?" त्यांच्या एका सोबत्याने एक दांडा लावला आणि दुसऱ्याचा कंटाळा केला. पुढचे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. कावळ्यांबद्दल मात्र ते मोकळेपणाने बोलत. कावळे खांबांच्या आडव्या हातांवर घरटी करतात, आणि काटक्यांबरोबर लोखंडी तारांचे तुकडे वेचून आणतात. एखादा लोंबता तुकडा इन्सुलेटरला वळसा घालतो आणि दोन सबस्टेशनांमधली सगळी वीज उडते. राजधानी एक्सप्रेस कावळीच्या बाळंतपणासाठी थांबली, असे आप्पा सांगत, आणि आत्या दरवेळी त्यांना दटावत असे.

मुंबईला जाताना इगतपुरी आली की आमच्या लहानपणी गाडी बराच वेळ थांबायची, आणि वडील थर्मास घेऊन उतरायचे. भुसावळहून आलेले इंजिन काढायचे, दुसरे लावायचे. घाटाच्या पलीकडची तार वेगळी होती. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या डीसीवर, आणि १९३०पर्यंत तीच तार घाट चढून इगतपुरीला येऊन थांबली. पुढे देशाने पंचवीस हजार व्होल्ट निवडले, त्याचे कारण साध्या भागाकारात आहे. साडेचार हजार किलोवॉटच्या इंजिनाला १,५०० व्होल्टवर तीन हजार अँपिअर लागतात, २५,००० वर सुमारे एकशेऐंशी. पहिल्यासाठी तारा जाड, सबस्टेशने थोड्या थोड्या अंतरावर. दुसऱ्यासाठी करंगळीएवढी तार आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक सबस्टेशन पुरते. खानदेशासारख्या लांब, सपाट मुलखाला दुसरेच परवडणार. नव्वदच्या दशकात दोन्ही तारांवर चालणारी इंजिने आली आणि इगतपुरीचा तो मुक्काम आखडला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून डीसी २०१५ मध्ये गेली, हार्बरवरून २०१६ मध्ये. गाडी लवकर पोचते हे चांगलेच, पण वडिलांच्या थर्मासला आता कामच उरले नाही.

भुसावळच्या बाहेर दीपनगरच्या चिमण्या दिसू लागल्या की मला नेहमी एक चमत्कारिक विचार येतो. कोळशाची मालगाडी विजेच्या इंजिनाने ओढून तिथे नेली जाते. तो कोळसा जाळून वीज होते, ती ग्रीडमध्ये जाते, ग्रीडमधून रेल्वेच्या सबस्टेशनात, तिथून तारेत, तारेतून पुन्हा कोळशाची गाडी ओढणाऱ्या इंजिनात. लहानपणी मामीच्या सांडग्यांवर बसणारा धूर इंजिनाच्या नाकातून निघायचा. आता तो एका जागी, उंच चिमणीतून निघतो. धूर गेला असे म्हणणे मला जमत नाही, त्याचा पत्ता बदलला आहे. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला सौर पट्ट्या पसरल्या आहेत, आणि ग्रीडमध्ये कुणाची वीज कुठे गेली हे सांगता येत नाही. त्यामुळे पत्ता आणखी बदलेल, अशी आशा करायला जागा आहे. नवी इंजिने उतारावर ब्रेक लावताना मोटारींना जनित्र करून वीज तारेत परत ढकलतात, हे मला सर्वांत आवडते. घेतलेले सगळे नाही, पण थोडे परत.

या सगळ्याचा वेग अलीकडे इतका वाढला की डोळ्यांदेखत नकाशा बदलला. पहिल्या नव्वद वर्षांत देशात सुमारे २१,८०० किलोमीटर मार्गावर तारा आल्या होत्या. २०१४ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत त्याच्या दुपटीहून अधिक. तापी खोऱ्यातली उधना-जळगाव लाईन दुहेरी आणि विजेची झाली, चाळीसगाव-धुळे गाडीची मेमू झाली. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी तेवढी तारेखाली कधी आलीच नाही. २०२०मध्ये थांबली ती थांबलीच. अभिमान वाटतो, नाही असे नाही. पण जुलै २०१२च्या शेवटी उत्तरेकडचे ग्रीड दोन दिवस लागोपाठ कोसळले आणि गाड्या माळावर जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा टीव्हीवर ते पाहताना मामा म्हणाले होते, "आता समजंल त्याह्यले." मी त्यांना रागावलो. गाडीत माणसे होती. मामा गप्प बसले, पण त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता.

मेमूने भुसावळ गाठून मी दुसऱ्या दिवशी आजोळी गेलो. मामेभावाने आता शेतात सौरपंप बसवला आहे. मोटार दिवसा चालते, पाणी ठिबकने जाते, बारे वळवायला कुणी लागत नाही. रात्री आम्ही अंगणात खाटा टाकल्या. मी मामांना मेमूतल्या मावशींची गोष्ट सांगितली आणि मग, त्यांना जे सांगायला हवे होते ते मामांना सांगितले: दोन सबस्टेशनांच्या हद्दी, वेगळ्या फेज, मधला मेलेला तुकडा. मामा बराच वेळ ऐकत राहिले.

"म्हंजे बांधच ना तो," ते म्हणाले. "दोन लाईटींमधला."

मी म्हणालो, हो, बांधच. इतकी वर्षे मला हा शब्द सुचला नव्हता. मावशींना दोन शब्दांत सांगता आले असते.

"अन् गाडी बरोबर त्याच्याखालीच थांबली तं?"

"मग ती आपली आपण निघू शकत नाही, मामा. दुसरं इंजिन आणून हलवावी लागते. म्हणून ड्रायव्हर तिथे वेग मोडत नाही."

मामांना हे फार पटले. ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात खंडव्याकडून मालगाडी आली. आता डोळा पूर्वीपेक्षा पांढरा असतो आणि आवाज पूर्वीपेक्षा कमी. केळीची पाने उजळली, विझली. गाडी गेल्यावर मामा खाटेवर उठून बसले आणि उशाखाली बॅटरी चाचपू लागले.

"आबा, झोपा," मामेभाऊ अंधारातून म्हणाला. "सोलर बसलं ना आता."

"हो, बसलं," मामा म्हणाले. बॅटरी सापडली होती. त्यांनी ती एकदा लावून पाहिली, विझवली, आणि मांडीवर ठेवून बसून राहिले. बारा वाजले होते.